जुनी की रूबेनची?

"दार! आधी ते दार लाव!"

त्याने माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. बाहेर पावसाचा बर्फ होत होता, माझ्या टोपीतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हातांत गिटारची पेटी. मी टाचेनेच दार मागे ढकललं.

"आमच्यात आधी हॅलो म्हणतात," मी म्हटलं.

"आमच्यात आधी लाकडाला थंडी लागत नाही ना, ते बघतात." त्याने मान वर केली... आणि जरा ओशाळला. "हॅलो."

राखाडी डोळे, कपाळावर भुसा. एवढं सगळं मला दारातूनच कसं दिसलं, देव जाणे.

कलामाझू म्हणजे गिटारींच्या जुन्या कारखान्याचं गाव, इथे गिटार दुरुस्त करणारे पैशाला पासरी. पण सोमवारी माझं नेहमीचं दुकान बंद असतं, म्हणून पाटीवर 'रूबेन होक्स्ट्रा' वाचून मी इथे शिरले होते. मी पेटी उघडली. माझ्या गिटारचं डोकं मानेपासून तुटून तारांना लोंबत होतं.

"ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवली होतीस." त्याने विचारलं नाही, सांगितलंच.

"चर्चमध्ये, काल... दोनच मिनिटं!"

"दोन मिनिटं टेकवलेल्या गिटारींवरच माझं घर चालतं, बाई."

"जखमेवर मीठ चोळून झालं असेल तर सांग, उद्यापर्यंत होईल?"

"आठवडा लागेल."

आणि मी उद्या दुपारी बँडच्या बसमध्ये बसणार होते. आठ महिन्यांचा दौरा. सहा वर्षं चर्चमध्ये आणि लोकांच्या लग्नांत वाजवल्यावर मिळालेली पहिली मोठी संधी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेव्हाच तो मला आवडला.

"दोन गिटारी आहेत," तो हळूच म्हणाला. "दोन्ही तुझ्या गिटारसारख्याच. दोन्ही बाजूंनी पोकळ, मधोमध मेपलच्या लाकडाचा ठोकळा. एक त्रेसष्ट सालची, इथल्याच कारखान्यातली. दुसरी नवी."

"जुनीच दे. पैसे बँडचा मॅनेजर देणार आहे. नवीचं नावही काढू नकोस. माझी आत्या त्या कारखान्यात तारा चढवायची. मी नुसत्या आवाजावरून साल सांगते."

"असं? मग माझ्याकडे पाठ कर."

आमच्याकडचा हा जुनाच रिवाज. गिटार डोळ्यांनी निवडायची नाही. लाखेवरच्या बारीक भेगा, पिवळट पडलेल्या कडा दिसल्या की कान फितूर होतात. मी खिडकीच्या काचेवर बोटं टेकून उभी राहिले.

पहिली वाजली. मऊ, भरदार, मुरलेली. मी मान डोलावली. मग जरा शांतता... आणि दुसरी. त्याने एकच स्वर छेडला, सावकाश. तो स्वर आला आणि जाईचना. माझ्या बोटांखाली काच थरथरली. आधी तो तारेचा होता, मग लाकडाचा झाला, मग कुणीतरी मानेजवळ श्वास घ्यावा तसा. रविवारी प्रार्थनेत शंभर माणसं एकदम गप्प होतात, तेव्हा माझ्या अंगावर जो काटा येतो, तोच आला. आपण कशासाठी आलो होतो, हेही मी विसरले.

"ही," मी कसंबसं म्हटलं. "ही त्रेसष्टची. साठ वर्षं वाजल्याशिवाय लाकूड असं बोलत नाही."

मागे स्टूल करकरलं.

"रूबेन?"

मी वळले. त्याच्या मांडीवर चेरीच्या रंगाची कोरी करकरीत गिटार होती. त्याचे कान तिच्याहून लाल झाले होते.

"हिला अकरा आठवडे झालेत," तो म्हणाला. "लाखेचा वाससुद्धा गेलेला नाही अजून."

"कुणी बनवली?"

तो हात लपवू लागला. पण अंगठ्याच्या नखाखालचा लाल रंग मला दिसलाच.

भर दुकानात माझं नाक कापलं गेलं होतं, आणि मला लाज वाटायलाही सवड नव्हती. ह्या माणसाने? ह्या दोन हातांनी? मी गिटारकडे बघू की हातांकडे, कळेना.

"मला हीच हवी."

"ही विकायची नाही, नुसती ऐकवायची होती."

"का?"

"माझी पहिली आहे. तीन वर्षं लागली. तिघांनी मागितली, नाही दिली." पेटीवरचं माझं नाव त्याने एव्हाना वाचलं होतं. "आणि नव्या लाकडाला पहिला हिवाळा जड जातो, ओडेसा. मान वाकते, तारा वर येतात... ते नीट करायला मी जवळ असावा लागतो. तू जुनी ने. ती तुला दगा देणार नाही."

त्याने जुनी माझ्या हातात दिली. मी वाजवली. खोटं कशाला बोलू, राणी होती ती! तिच्यात किती जणांची बोटं मुरली होती, कोण जाणे. तिच्यापुढे कुणीही मान तुकवावी. पण माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा त्या लाल रंगाकडे जात होतं.

"ऐक," मी म्हटलं. "ही जुनी नेली, तर मी खुशीत निघून जाईन आणि मला इथे परत यायचं काही कारण उरणार नाही. तुझी नेली... तर मला हिवाळाभर तुला फोन करावा लागेल. सुट्टी मिळाली की बस पकडून यावं लागेल. मी काय ते सांगून टाकलं. आता तू निवड. कोणती देतोस?"

त्याने नवी मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली. नव्या गिटारच्या तारा, कुणाचाही हात लागलेला नसताना, आमच्या बोलण्याने हलकेच गुणगुणत होत्या. आम्ही दोघंही ते ऐकत राहिलो.

मग तो उठला. त्याने माझ्या हातातून जुनी घेतली आणि भिंतीवर टांगली.

"फोन रोज करावा लागेल," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

"मान वाकली की?"

"नाही वाकली तरी."