ग्रिलमागच्या फळ्या

"मिस्त्री कुठे राहिले?" दार उघडत वुकाशिनने विचारलं.

"मिस्त्रीच आलेय," म्हणत नेवेनाने छत्री मिटली, तेव्हा पाणी नेमकं त्याच्या बुटांवर उडालं. मुद्दाम नाही... पण अगदी चुकूनही नाही.

तो ओशाळून हसला. व्हिएन्नात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्या सांभाळून तो सर्बियात, आपल्या गावी लेस्कोवात्सला परतला होता. नदीकाठच्या या गाळ्यात त्याची स्वतःची खाणावळ रविवारी सुरू व्हायची होती. गॅसचं मोठं ग्रिल तेवढं जोडायचं राहिलं होतं.

नेवेनाने ग्रिलचे पाय हलवून पाहिले, चिमणी चालवून पाहिली. मग तिची नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथे जुन्या अक्रोडाच्या नक्षीदार फळ्या बसवल्या होत्या.

"या काढाव्या लागतील."

"त्या आजोबांच्या खाणावळीतल्या आहेत. आईने जिवापाड जपल्यात. ग्रिलच्या मागेच हव्यात तिला."

"मग मी गॅस जोडणार नाही."

"अहो, मध्ये वीतभर जागा आहे की! लाकूड असं लगेच पेटतं का?"

"लगेच नाही पेटत. रोज थोडं थोडं तापतं, आतून वाळत जातं... कुणाला पत्ताही लागत नाही. आणि मग एके दिवशी—"

"म्हणजे माझ्यासारखंच," तो तिच्याकडे बघत हळूच म्हणाला.

पाना शोधण्याच्या निमित्ताने तिने मान खाली घातली. कान मात्र तापले होते.

"वरच्या मजल्यावर माणसं झोपतात," ती म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. "आईला काय तोंड दाखवू मी? राहू दे. मला दुसरा मिस्त्री मिळेल."

"मिळेल की." तिने गॅसची तोटी घट्ट बंद केली आणि पावसात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कामात तिचं लक्ष लागेना. कुणी खरंच जोडून दिलं असेल तर? काळजी वरच्या बिऱ्हाडांची होतीच... पण त्याच्या दुमडलेल्या बाह्या आणि ते ओशाळं हसूही डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

दुपारी तोच तिच्या दुकानाच्या दारात उभा राहिला. केसांत चुना, बोटाला पट्टी.

"दुसरा मिस्त्री मिळाला. लगेच जोडतो म्हणाला."

तिने हातातला पाना खाली ठेवला. "मग?"

"वर कोण राहतं, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. कॉफी पाजून त्याला वाटेला लावलं." तो थांबला. "फळ्या काढल्या मी. आई रडली... पण खिळे तिनेच वेचले. येता ना?"

नेवेनाने हत्यारांची पेटी उचलली.

गाळ्यात आता ग्रिलमागे नुसती वीट होती. फळ्या कोपऱ्यात टेकवलेल्या. तिने एकीवरून हात फिरवला. "या गिऱ्हाइकांच्या बाजूला लावू. भट्टीमागे धूर खात बसण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील तरी."

तिने ड्रिल चालवलं, त्याने फळ्या धरल्या. शेवटची फळी बसली तेव्हा त्याने तिच्यावरची धूळ बाहीने पुसली.

मग नळी जोडली. साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर लावताना दोघं शेजारी उकिडवे बसले. बारीकसा बुडबुडा फुगला. तिने तोटी बंद केली, सांधा पुन्हा आवळला, पुन्हा पाणी लावलं. आता सगळं शांत.

"थांबली गळती?" त्याने विचारलं.

"नळीतली थांबली."

"आणि कुठली आहे?"

ती उठली. "आधी चिमणी, मग ज्योत. रोज. विसरलात तर येऊन कान धरीन."

"मग विसरेन म्हणतो."

"वुकाशिन!"

पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याचं नाव आलं होतं... दोघांच्याही ते लक्षात आलं.

निळी ज्योत सरळ उभी राहिली. त्याने पहिली प्ल्येस्काविट्सा, खिम्याची चपटी टिक्की, तिच्यासाठीच थापली. खरपूस भाजून, कांदा पेरून, पावात घालून तिच्या हातात दिली. बाहेर पाऊस संथ पडत होता.

"कशी झालीय?"

"मीठ कमी आहे."

"आणखी?"

"आणखी काही कमी नाही." ती खाली बघत म्हणाली.

त्याने हात पुढे केला, मग तो मध्येच थांबला. "नेवेना, रविवारी आईशेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवलीय. मिस्त्री म्हणून नाही... समजतंय ना तुला?"

"समजतंय. आधी ज्योत कमी कर."

त्याने ज्योत कमी केली. आणि त्याचा तो अर्धवट थांबलेला हात मग तिनेच धरला.