सात नंबरची वीज

तणतणत ती सात नंबरच्या घराचा जिना चढली, आणि गच्चीच्या दारातच तिच्या अंगावर बादलीभर पाणी आलं!

"अगं बाई!"

"सॉरी, सॉरी! पॅनल धूत होतो हो... तुम्ही दिसलाच नाहीत." हातात फडका घेतलेला एक उंच तरुण समोर उभा होता. चेहरा अपराधी, पण हसू काही आवरत नव्हतं मेल्याला!

"दिसणार कशी? रोज दुपारी मी वीज मागते, आणि रोज सात नंबरचा नकार!"

"म्हणजे... दोन नंबरची भट्टीवाली तुम्हीच?"

गल्लीतल्या बाराही घरांवर सोलर पॅनल होते. ज्याच्याकडे वीज उरेल त्यानं ती गल्लीतच दुसऱ्या घराला द्यायची, अशी पद्धत. मोबाईलवर प्रश्न यायचा, 'आधी कोणाला?' आणि आपण घराचा नंबर निवडायचा. ती मातीचे कप बनवायची. तिची विजेची भट्टी म्हणजे निव्वळ बकासुर! घरचे चार पॅनल तिला कुठले पुरायला?

"माझं आइस्क्रीमचं काम आहे," तो केस खाजवत म्हणाला. "दुपारी दोन-दोन फ्रीजर चालतात. तुम्ही तापवणार, मी गोठवणार... जमायचं कसं?"

"जमवून घ्यायचं," ती बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाली.

पण जमलं बरं का! तो भल्या सकाळीच कामाला लागायचा आणि दुपारची वीज तिला द्यायचा. वर मेसेज — 'पोचली का?' वीज तारेतून येते, तिला पोचायला कितीसा वेळ लागणार? तरी ती मुद्दाम उशिरा लिहायची, 'बघून सांगते.' मग तो स्वतःच बघायला यायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

एकदा भट्टीशेजारी बसून तिनं खरं काय ते सांगितलं. ढगांमुळे गेल्या तीन भट्ट्या मधेच थंडावल्या होत्या. सगळे कप तडकले होते. दादानं दूरच्या शहरात तिच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती.

"येत्या गुरुवारची भट्टी शेवटची. साधली तर राहीन. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"सामान बांधायचं."

तो नेहमीसारखी थट्टा करेल असं तिला वाटलं होतं. तो नुसताच उठून गेला. तिला भारी राग आला त्याचा.

गुरुवारी दोन वाजता आभाळ भरून आलं. मोबाईलवर एकेक घर मागे सरू लागलं. चार नंबरच्या काकूंनी आधीच फोन करून सांगितलं, "माझ्याकडे पंख्यापुरतीच उरली गं, राणी." नऊ नंबरचे निवृत्त मास्तरही वीज द्यायचे थांबले. अजून दोन तास भट्टी तापायला हवी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

फक्त सात नंबर देत राहिला. तीन वाजले, साडेतीन वाजले... एवढी वीज तो आणतोय तरी कुठून?

चार वाजता भट्टीचं काम झालं आणि ती तशीच धावत सुटली. त्याच्या दुकानात दोन्ही फ्रीजर बंद होते. तो गुडघे टेकून गुलाबी दुधाचं थारोळं पुसत होता.

"वेडा आहेस का तू? बॅटरीसकट सगळी वीज मला दिलीस? आणि उद्याची ऑर्डर?"

"फोन करून माफी मागितली. शिव्याही खाल्ल्या." त्यानं फडका पिळला. "आइस्क्रीम पुन्हा करता येतं गं. तू गेलीस तर... मी 'पोचली का?' म्हणून कोणाला विचारू?"

तिला एकदम रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय? आवडतेस तू मला. त्या दिवशी सांगायला जीभच रेटेना, म्हणून उठून गेलो."

"गाढव आहेस!" असं म्हणून तिनं त्याचा चिकट हात घट्ट धरला.

भट्टी निवायला रात्र जावी लागते. सकाळी तो विरघळलेल्या आइस्क्रीमचा डबा घेऊन हजर! भट्टीच्या दाराच्या कडीला ती हात घालणार, तोच थांबली आणि तिनं फोन लावला.

"दादा, मी येत नाहीये."

"अरे वा! कप चांगले निघाले म्हणायचे!"

"ते अजून पाहायचेत," ती म्हणाली. "भट्टी उघडलीच नाही."

शेजारी उभ्या आइस्क्रीमवाल्याच्या हातून डबा सुटता सुटता वाचला.

मग दोघांनी मिळून दार उघडलं. अठ्ठेचाळीस कप, सगळे अख्खे, निळेशार! एकाचा कान तेवढा वाकडा झाला होता. त्यानं तोच उचलून आइस्क्रीमनं भरला आणि आधी तिच्यापुढे धरला.