कोरड्या बांधीतलं पाणी

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात चामोर्शीजवळच्या आमच्या गावात सरकारी जीप आली. नागपूरच्या रामटेके साहेबांनी तिच्या बॉनेटवर उपग्रहानं काढलेला फोटो पसरला. सगळे मागं, मी पुढं. विज्ञान प्रदर्शनात नुकताच माझा पहिला नंबर आला होता, तेव्हापासून मागं उभं राहणं मी सोडूनच दिलं होतं.

फोटोत जंगल लाल, उघडी जमीन निळसर, पाणी काळं. साहेबांनी एकदाच सांगितलं आणि मी धडाधड बोट ठेवत गेले. ही वैनगंगा, हा गावतलाव.

"आणि हे?" साहेबांनी विचारलं.

गावाबाहेर एक काळा ठिपका होता. तिथं तर आमची बांधी, धानाचं शेत.

पूर्वी तिथं बोडी होती, लहानसं तळं. दुष्काळाच्या साली ती आटली, तेव्हा बाबांनी माती भरून बांधी केली. आता तिचा पट्टा नावावर व्हायचा होता. साहेबांना शेत दिसलं तर जमीन आमची, पाणी दिसलं तर सरकारची. फोटो याच मार्चमधला. तेव्हाही शेताला भेगा पडलेल्या होत्या.

"सोमाजीभाऊ, यंदा धान जाळं टाकून काढजो," गावातला मुखरू मागून बाबांना बोलला. लोक हसले. ती जमीन आम्हाला मिळू नये असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

बाबांची आत्या गिरजाबाई मात्र हसली नाही. आमच्याकडे बोडी मोडायची तर तिचं शेवटचं पाणी गडव्यात भरून दुसऱ्या बोडीत सोडतात. बाबांनी ते केलं नव्हतं. थेंबच नव्हता, नेणार काय?

"पाणी नव्हतं तं वाट पाहाची होती," ती म्हणाली. "आता ते आलं असंल. जाईल कुठी?"

"साहेबासमोर काऊन काढतं हे, आत्याबाई?" बाबा चिडले.

मी साहेबांना म्हटलं, फोटो चुकला, चला दाखवते.

भर दुपार. भेगांत हात जाईल एवढी जमीन फाटलेली. मी धसकटं तुडवत मधोमध गेले आणि उड्या मारल्या. कुठं आहे पाणी?

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बगळे ओळीनं उभे होते, माझ्याकडे तोंड करून.

आमची गाय कडेला आली. तिनं मातीवर मान वाकवली. तिच्या गळ्यातून घोट उतरताना दिसले. मान वर केली तेव्हा तोंडातून थेंब गळत होते.

साहेब माझ्याकडे निघाले. थोडं चालून वाकले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले.

"काय करून राह्यले, साहेब?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग मागं फिरले.

मीही निघाले. पाय उचलेना. कमरेला गार दाब जाणवला. वारा नव्हता, तरी माझा शाळेचा स्कर्ट फुगून वर आला.

बाबांना हाक मारली. माझीच हाक मला लांबून ऐकू आली.

बाबा आत आले नाहीत. धुऱ्यावर पालथे पडून त्यांनी काठी पुढं केली.

"धर, पोरी. सोडू नको."

मी धरली. बाहेर आले तेव्हा माझे कपडे कोरडे होते.

साहेबांनी कागदावर शेत असंच लिहिलं. पट्टा झाला. दुसऱ्या दिवशी बाबा गडवा घेऊन बांधीत गेले. पुन्हा पुन्हा बुडवला. दर वेळी धूळच निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब नवा फोटो घेऊन आले. या वेळी मी सगळ्यांच्या मागं उभी होते, तरी दिसलं. काळा ठिपका पसरला होता. आमच्या घराची जागा त्याच्या आत होती.

धावत घरी आले. आई चुलीपाशी उभी, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलेलं.

"आई, लुगडं काऊन खोचलं?"

तिनं खाली पाहिलं.

"मले नाई मालूम," ती म्हणाली, आणि पिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.