सहाशे चाळीस ग्रॅम

मी वजनकाटे तपासतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. प्रमाण वजनं ठेवायची, आकडा बघायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा. वीस वर्षं हेच केल्यामुळे घरात माझं नाव ग्रॅमशास्त्री पडलं आहे. चहात साखर टाकतानाही मी चमचा डोळ्यांसमोर धरतो, असं बायको म्हणते. धरतो, खोटं कशाला बोलू?

मेहुणा बोटीवर नोकरीला लागला आणि जाताना आपल्या दोन पाळीव पाली आमच्या गळ्यात मारून गेला. एक वाळवंटातली, पिवळी, अंगभर ठिपके. तिला आम्ही ठिपकी म्हणायचो. दुसरी ओल्या जंगलातली, डोळ्यांवर झालर असलेली. ती झालरबाई. दोघींच्या काचेच्या पेट्या वेगळ्या होत्या, पण झालरबाईची जिन्यात हातातून निसटून फुटली. घर दोन खोल्यांचं, त्यात दोन महिन्यांची लेक. मी ठिपकीच्या पेटीत निम्म्या भागात वाळू ठेवली, निम्म्यात ओलं शेवाळ पसरलं आणि दोघींना एकत्र सोडलं.

पाली विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर हे सांगितलं, तर त्यानं माझी बिनपाण्यानंच केली. एकीला कोरडी ऊब लागते, दुसरीला गारवा. शिवाय दोन जाती एका पेटीत ठेवल्या की एक दांडगाई करते आणि दुसरी धसक्यानं खाणं सोडते. भांडण डोळ्यांना दिसणार नाही, वजन तेवढं खरं सांगेल, असं तो म्हणाला. वजनाचं नाव काढल्यावर मला हुरूपच आला.

मग दर रविवारी सकाळी आमच्याकडे तिघींचं वजन होऊ लागलं. ठिपकी, झालरबाई आणि लेक. पाली छान भरत होत्या. लेक भरत नव्हती. तीन आठवडे तिचा आकडा तीन किलो आठशेवर अडून बसला होता. दोन घोट दूध घ्यायची आणि मान फिरवायची. पंधरा दिवसांत वजन चढलं नाही तर दाखल करावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी घाबरलो होतो. बायको माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती, म्हणून ती बोलतच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी पेटी साफ करायला काढली. सवय वाईट, मी अख्खी पेटी मोठ्या काट्यावर ठेवली. मग एकेक वस्तू वेगळी तोलली: काच, वाळू, शेवाळ, पाण्याची वाटी, लाकडाचा ओंडका, दोन्ही पाली. बेरीज एकशे दहा ग्रॅमनं कमी आली. मी प्रमाण वजनं काढून काटा तपासला. काट्यात काही दोष नव्हता.

एकटी ठिपकी आत ठेवली, हिशेब जुळला. एकटी झालरबाई ठेवली, तरी जुळला. दोघी आत गेल्या की एकशे दहा ग्रॅम जादा.

त्यानंतर मी रोज सकाळी पेटी तोलू लागलो. रोज चाळीस-पन्नास ग्रॅमची भर पडत होती. लेकीच्या बाबतीत डॉक्टरबाईंना अगदी अशीच वाढ हवी होती.

आठवड्यानं मी बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती मला वेड्यात काढेल. तिनं पेटीचं झाकण सरकवलं, दोन पालींच्या मधल्या मोकळ्या जागेत हात नेला आणि तो तसाच अधांतरी धरून ठेवला.

"ऊब आहे," ती म्हणाली. "नीट वाढतंय ना हे?"

"वाढतंय."

"मग आपल्या हिलाही इथंच झोपवू या."

तिनं पाळणा ओढत आणून पेटीला लावला. मी अडवायला हवं होतं. पण बऱ्याच दिवसांनी ती काहीतरी बोलली होती.

चौदाव्या दिवशी सकाळी पेटीचा हिशेब जुळला. एक ग्रॅमही जादा नव्हता. आदल्या दिवशी सहाशे चाळीस होते. पेटीचं झाकण उघडं होतं. पाली वेगवेगळ्या कोपऱ्यांत शेवाळ उकरत होत्या.

पलीकडे लेक दूध पीत होती. तिच्या घोटांचा आवाज या खोलीपर्यंत येत होता.

मी तिला काट्यावर ठेवलं. चार किलो चारशे चाळीस. बायको रडायला लागली, तिला पाहून मीही. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. वजाबाकी मनात आपोआप झाली होती, ती मी मनातच ठेवली.

दोन दिवसांनी पाली एकमेकींना चावल्या आणि मी निमूटपणे दुसरी पेटी आणली. दुकानदाराचं बरोबरच होतं. पण घर कसं छान झालं होतं! लेक दूध प्यायची, गाढ झोपायची, उठली की शेजारच्या उशीकडे बघून खुदुखुदु हसायची. तिचे गाल वर आले. घरी वजन करणं मी सोडून दिलं.

महिन्यानं दवाखान्यात गेलो. तिथल्या काट्यावर माझाच शिक्का आहे. लेकीला तागडीत ठेवलं. पाच किलो सहाशे. डॉक्टरबाई खूश झाल्या. मी तर हवेतच होतो. नर्सनं कपडे घालायला लेकीला उचललं.

तागडी रिकामी होती.

आकडा शून्यावर आला नाही. नऊशे दहावर थांबला.

डॉक्टरबाईंनी काट्याला टिचकी मारली. "अडकलाय वाटतं हो तुमचा काटा."

वीस वर्षांत मी कुणाला एक ग्रॅम सोडलेला नाही.

"अडकतो कधी कधी," मी म्हणालो.

बायको तागडीवर वाकली. तिनं दोन्ही हात सावकाश खाली घातले आणि सावकाश वर घेतले.

काट्यावर शून्य आलं.

नर्सनं लेकीला पुढे केलं. मीच घेतलं तिला, कारण बायकोचे हात मोकळे नव्हते.