तळहाताखालची दीर्घिका

राजिवड्यातल्या घरी मासूमाचा कॉम्प्युटर खिडकीशी होता, आणि त्यावर ती आभाळ शिजवते, असं तिचे अब्बा चेष्टेनं म्हणत. ती कॉलेजात फिजिक्स शिकवी. दुपारी घरी आली, की अंतराळ दुर्बिणीची जुनी, सर्वांसाठी खुली केलेली छायाचित्रं टेलिफोनच्या इंटरनेटवरून रडतखडत उतरवून घेई. ती सगळी करडी. वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलेली तीन चित्रं एकमेकांवर बरोबर बसवायची, खोट्या ठिपक्यांचा कचरा काढायचा, एकेकाला रंग द्यायचा; मग कुठे एखादी धगधगती दीर्घिका उमटायची. तिच्या पोटातलं कृष्णविवर भोवतालचं सगळं गिळताना असा काही उजेड पडे, की मासूमाचा चहा तसाच गार होई.

या दिवसांत मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. धाकटा भाऊ अद्नान ज्या मालवाहू जहाजावर होता, त्याचा वादळानंतर पत्ताच नव्हता. कंपनीवाले फोनवर नुसतं ‘कळवतो’ म्हणत.

अब्बा म्हणजे मुसाभाई. जन्म खलाशी म्हणून गेला, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. एकदा शेजारी बसून त्यांनी पडद्यावर तळहात टेकवला.

“हितं दोन विस्तव हायत.”

“एकच आहे, अब्बा. मधोमध.”

“दोन.”

तिनं ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच दीर्घिकेचं कमी वेळ उजेड घेऊन टिपलेलं चित्र मिळालं, आणि झगमगाटात लपलेली दोन केंद्रं सुटी दिसली. तिनं न सांगता चित्र उलटं केलं. अब्बांचं बोट अचूक तिथंच गेलं. काचेची ऊब म्हणावी, तर ती सगळीकडे सारखीच. मासूमाच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे, थक्क होऊन.

मग एका दीर्घिकेवर हात ठेवून ते म्हणाले, “ही इझली गो.”

“अब्बा, ही तर सगळ्यांत तेजस्वी!”

“असंल. आता थंड हाय.”

आता! मासूमा खुर्चीला खिळून राहिली. तो उजेड निघाल्याला कोट्यवधी वर्षं झाली होती. ती पाहत होती ते तेव्हाचं; अब्बांच्या हाताला लागत होतं ते आजचं. जगातली कुठलीही दुर्बीण जे सांगू शकत नाही, ते हा म्हातारा लुंगीला हात पुसून सांगत होता.

तिनं दीर्घिका बंद केली. अद्नान निघाला त्या दिवशी जेटीवर काढलेला दोघा बहीणभावांचा फोटो उघडला. अब्बांचा हात धरून अद्नानच्या चेहऱ्यावर ठेवला.

अब्बांचा चेहरा खुलला.

“ह्यो ऊन हाय. चांगला ऊन.”

“या अल्लाह,” म्हणून मासूमा रडू लागली.

हात बाजूला सरकला. थांबला.

“आनि ह्याच्या बाजूला कोन गो? हितं कायच नाय.”

मासूमानं हळूच आपलं मनगट धरलं आणि नाडी शोधू लागली.