गडगडी, स्वल्पविराम, विशेषण

"अहो, ती माझी खुर्ची आहे," मी म्हटलं, आणि तो इतक्या घाईनं उठला की टेबलावरची सगळी प्रुफं जमिनीवर! ती गोळा करायला दोघंही एकदमच वाकलो आणि टाळक्यावर टाळकं आपटलं.

"लागलं?"

"छे!" चांगलंच लागलं होतं.

तो वरच्या मजल्यावरचा मुद्रितशोधक. आमच्या कोशाच्या कचेरीत प्रुफं जोडीनं तपासायची पद्धत आहे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट, सपाट आवाजात. दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची, आणि जे ऐकू आलं पण छापलेलं नाही ते मुकाट्यानं समासात लिहायचं. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, असा आमच्या संपादक मोठ्या बाईंचा दंडक. माझ्या जोडीच्या काकू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या, म्हणून ही स्वारी माझ्या वाट्याला आली.

आणि शब्द कुठला यावा? तर 'गडगडी'! गडगडे नावाचे एक जुने लेखक होते. अचाट, चावट, बड्याबड्यांची टर उडवणारे. त्यांच्या नावावरून हे विशेषण पडलं, आणि खालची उदाहरणंही त्यांच्याच पुस्तकांतली. मला कचेरीत सगळे 'एरंडेल' म्हणतात, ते प्यायल्यासारखा चेहरा असतो म्हणून. कपाळ माझं!

"गडगडी, स्वल्पविराम, विशेषण, पूर्णविराम," त्यानं सुरू केलं. चेहरा असा की जणू हवामानाच्या बातम्या. "उदाहरण, अपूर्णविराम. सरदारसाहेबांनी भर दरबारात असा काही वारा सोडला, स्वल्पविराम, की शेजारच्या राज्यातल्या पवनचक्क्या फिरू लागल्या, पूर्णविराम. प्रधानांनी तो सुगंध असल्याचा ठराव ताबडतोब मांडला, पूर्णविराम."

मी ओठ चावले.

"बाईसाहेबांच्या पलंगाखाली सात प्रियकर लपले होते, अर्धविराम. आठवा आला तेव्हा साती जण ओरडले, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, जागा नाही, उद्गारचिन्ह..."

झालं! मी फुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, टेबलावर डोकं टेकून हसले. तो थांबला. माझ्याकडे बघतच राहिला... आणि मग, त्याच सपाट आवाजात—

"या विनोदावर हसणारी एक मुलगी मला फार आवडली आहे, पूर्णविराम. तिनं माझ्याशी लग्न करावं, स्वल्पविराम, अशी माझी इच्छा आहे, पूर्णविराम."

आणि मी काय केलं? डोळे पुसत, हात सवयीचा, दोन्ही वाक्यं समासात लिहून टाकली! विरामचिन्हांसकट. गठ्ठा त्याच दुपारी दुरुस्तीसाठी छापखान्यात गेला, मूळ प्रतही बरोबर गेली.

घरी जाताना जिन्यातच माझे पाय थबकले. ती वाक्यं... गडगड्यांची होती? की त्याची? गडगड्यांची असली तर मी उगीच लाल होत होते. त्याची असली तर— ती थट्टा होती की काय? चावट पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा काय भरवसा! आणि थट्टा नसली तर? अगं बाई.

"जेवणात लक्ष कुठंय तुझं?" आईनं विचारलं.

"पवनचक्क्यांत," मी म्हटलं. ती काळजीत पडली.

पुढचे दिवस त्याचं वागणं आणखीच कोड्यात टाकणारं. माझा चहा आणून ठेवायचा, पण नजर चुकवायचा. मी म्हटलं, "परवा छान वाचलंत," तर म्हणाला, "तुम्हीही... छान लिहून घेतलंत." आणि पडलेल्या चेहऱ्यानं निघून गेला. म्हणजे काय समजायचं माणसानं? मला तो आवडायला लागला होता, हे एवढंच मला स्वच्छ कळत होतं. बाकी सगळा गोंधळ.

मग दुसरं प्रूफ आलं. या खेपेला वाचायची पाळी माझी. मूळ प्रत माझ्या हातात! सरदार झाले, प्रधान झाले, साती प्रियकर झाले... "उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह पूर्ण, पूर्णविराम." आणि खाली पान कोरं.

गडगड्यांची नव्हती!

"प्रुफात दोन वाक्यं जास्तीची आहेत," तो हळूच म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं लाल पेननं ती दोन्ही वाक्यं सरळ खोडली. "माझी चूक. तुम्ही मान वर न करता लिहून घेतलंत... मी म्हटलं, हाच नकार."

"नकार? अहो, मी हसत होते!"

"तेच तर! मला वाटलं, मला हसताय."

"आणि मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय."

"एवढं खरं मी जन्मात काही वाचलं नव्हतं."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खोडलेल्या ओळींखाली एकेक करत ठिपके देत गेले. आमच्या धंद्यात खोडलेल्या मजकुराखाली ठिपके दिले की त्याचा अर्थ एकच: खोडू नका, राहू द्या.

तो ठिपक्यांकडे बघत राहिला. "सगळं... राहू द्यायचं? दुसरं वाक्यसुद्धा?"

"ठिपके मोजून घे," मी म्हटलं. 'घ्या' म्हणायचं राहूनच गेलं.

"काय गं एरंडेल, आवाज का थांबला?" मोठ्या बाई आतून ओरडल्या. "काही अडलंय का?"

"नाही बाई, सुटलं!" मी म्हटलं. आणि मला पुन्हा हसू फुटलं, तेच, टेबलावर डोकं टेकून. या वेळी तोही हसत होता.