घट हलवायचा नसतो

बादलीभर पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं आणि समोरच्या टेबलाशी पोहे खात बसलेल्या दोघांनी एकदम पाय वर घेतले.

"काऊन हो मॅडम," आतून झारा घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "गिऱ्हाइकाचे पाय धुऊन राहिल्या का?"

पायरीवरच्या मुलीने केरसुणी थांबवली नाही. "देवीची पायरी आहे. पाणी खालीच वाहतं. वर वाहायला लागलं की कळवते तुम्हाला."

मुलगा आणि मुलगी, दोघांच्याही तोंडावर मास्क. दिसत होते ते फक्त डोळे… आणि मला वरच्या गॅलरीतून एवढं नक्की दिसलं, की त्या चारही डोळ्यांना भांडण संपवायची मुळीच घाई नव्हती.

दोन हजार एकवीसचा जून. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. महापालिकेने हॉटेलांना परवानगी दिली होती — माणसं निम्मी बसवा, आणि जमेल तितकी उघड्यावर बसवा. रविराजच्या, म्हणजे त्या झारेवाल्या मुलाच्या, 'सोजरबाई नाश्ता सेंटर'मध्ये मुळात चारच माणसं मावायची. निम्मी म्हणजे दोन. म्हणून त्याने गल्लीत टेबलं मांडली. कसब्यातली आमची गल्ली ती केवढी! टेबलं आणि देवळाची पायरी यांच्यामधून एक सायकल जायची, तीही घंटी वाजवत.

मी पासष्टच्या वरची, म्हणून सरकारने मला घरात बसवलेलं, आणि अमेरिकेतल्या मुलाने कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवलेलं. "आई, खाली उतरली नाहीस ना?" रोज तोच प्रश्न. नव्हते उतरले. पण गॅलरीतून बघू नका, असं कुठल्याच आदेशात लिहिलेलं नव्हतं.

तर ती मुलगी म्हणजे तनुजा. वैजनाथ गुरवांची. त्या देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडे. देवळं तेव्हा लोकांना बंद होती, फक्त पुजाऱ्याने आत जाऊन पूजा करायची. पण वैजनाथांना आदल्याच वर्षी हृदयाचा त्रास झाला होता, डॉक्टरांनी बाहेर पाऊल टाकू नका म्हणून बजावलेलं. त्यांचा पुतण्या दिग्विजय वाघोलीला मोठा फ्लॅट घेऊन राहायला गेला होता. तो फोनवर म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये कुठे येऊ, काका? देवी घेईल बघून."

"देवी कशाला, मीच बघते," तनुजा म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून गाभाऱ्यात शिरली.

हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी तिची, काम घरून. घरापेक्षा देवळाच्या सभामंडपात नेट बरं येतं, हा शोधही तिचाच. सकाळी पूजा, मग तिथेच खांबाला टेकून लॅपटॉप. एकदा आरतीच्या वेळी तिचा माईक चालू राहिला, तर बंगळूरचा तिचा साहेब म्हणे शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता.

तिची आई, गोदाबाई, मंडपात बसून हार गुंफायची. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या बाईने देवळाची फरशी पुसली, नैवेद्य रांधला, समया घासल्या… पण गाभाऱ्याचा उंबरा कधी ओलांडला नाही. कुणी नको म्हटलं होतं असं नाही. कुणी ये म्हटलं नव्हतं, एवढंच. मुलगी आत गेली त्या दिवशी गोदाबाई उंबऱ्याबाहेर निरांजन धरून उभी होती. गल्लीत कुणी ब्र काढला नाही. दारं बंद असली की कुणाला काही खटकत नाही, हे मी या वयात नव्याने शिकले.

रविराज पुसदचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला, चाकणला कारखान्यात लागला, पहिल्या लाटेत नोकरी गेली. मग आईच्या नावाने हे दुकान थाटलं. पोह्यांवर झणझणीत तर्री घालून द्यायचा. बोलायचा शुद्ध, फक्त गडबडला की वऱ्हाडी सुटायचं. तनुजासमोर दिवसभर वऱ्हाडीच सुटलेलं असायचं.

श्रावणात टेबलांवर पाऊस यायला लागला. तो पायरीपाशी आला, हात मागे बांधून.

"मॅडम, ताडपत्री बांधायची होती. आमच्या बाजूला हूक आहे. तुमच्या भिंतीला एक खिळा… चालते का?"

"देवीला विचारते." ती आत गेली, लगेच बाहेर आली. "चालेल म्हणाली. पण खिळा सरळ ठोका. तिला वाकडं काही आवडत नाही."

"देवीले का तुमाले?"

"दोघींना."

ताडपत्री लागली आणि तिच्याखाली गल्लीचा रंगच निळा झाला. पावसाचा ताशा वर, खाली रश्श्याची फोडणी, आणि त्यात मिसळलेला उदबत्तीचा वास. सकाळी तो चहाचा ग्लास पायरीवर ठेवून मागे सरकायचा. मग ती पुढे येऊन ग्लास उचलायची, तिथेच खोबऱ्याचा तुकडा ठेवायची, मागे जायची. तो उचलायचा. अंतर अगदी नियमाप्रमाणे! आमच्या काळी याच गल्लीत नजरानजर व्हायला सार्वजनिक नळ पुरायचा. आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली तीसुद्धा "अहो, बादली सरकवा" अशी. त्या वेळी अंतर मोजायला कुणाला आदेश काढावा लागत नव्हता. घरातली माणसंच पुरेशी होती.

एक दिवस तनुजाने खालून मान वर केली. "काकू… एक विचारू? त्याला मिशी आहे का हो?"

"कुणाला?" मी म्हटलं. मलाही मजा हवीच ना.

"समोर. त्याचा मास्क कधी खालीच येत नाही. आईला शब्द दिलाय म्हणे, गिऱ्हाइकासमोर काढणार नाही. तुम्हाला वरून दिसत असेल. चहा पितो तेव्हा."

"दिसतं की."

"मग?"

"मग काय? स्वतः बघ. मी काय गल्लीचा सीसीटीव्ही आहे?"

ती लाजली. लाजणारे डोळे मास्कच्या वर जास्तच दिसतात.

घटस्थापनेपासून देवळं उघडणार, असा आदेश आला. रांगेत अंतर, मास्क, हार-प्रसाद आणायचा नाही, पासष्टच्या वरच्यांनी शक्यतो यायचं नाही. आदल्या दिवशी तनुजा आणि रविराज दोघं मिळून रांगेसाठी गल्लीत पांढरी वर्तुळं काढत होते. ती चुन्याचा डबा धरून, तो ब्रश घेऊन. टेबलं उचलून त्याने आपणहून भिंतीला लावली होती.

त्याच संध्याकाळी दिग्विजय आला. पांढरी गाडी चौकात ठेवून, फोनवर बोलत.

"वा, तनू! छान सांभाळलंस," तो म्हणाला. "आता उद्यापासून मी आहे. घट मी बसवतो. तू काय, नोकरी बघ."

"नोकरी बघूनच करतेय, दादा. घटही मीच बसवणार आहे."

"अगं, आता लोक येणार. गाभाऱ्यात मुलगी दिसली तर बोलतील."

"आणि इतके महिने कोण होतं गाभाऱ्यात?"

"तेव्हा कोण बघत होतं?"

"देवी," तनुजा म्हणाली.

दिग्विजयचं तोंड लहान झालं. देवळाला लागूनच्या आपल्या घराच्या दाराशी खुर्चीत बसलेल्या वैजनाथांनी नजर खाली घातली. मुलीचं पटत होतं त्यांना, पण भाऊबंदांसमोर ते आयुष्यात कधी मोठ्याने बोललेले नव्हते. मग दिग्विजयची नजर ताडपत्रीवर गेली.

"हा खिळा कुणाच्या परवानगीने? अतिक्रमणवाल्यांना एक फोन केला तर टेबलं, शेगडी, सगळं गाडीत जाईल." तो रविराजकडे वळला, आवाज खाली आणला — पण आमच्या गल्लीत खालचा आवाजही वर येतो. "तुमचं ऐकते ती. समजवा. उद्या मागे झाली तर खिळा राहील. टेबलंही राहतील."

दिग्विजय गेला. थोड्या वेळाने मी पाहिलं — रविराज स्टुलावर चढून ताडपत्री सोडत होता. गाठ सुटली, निळा रंग खाली आला, आणि गल्ली एकदम उघडी पडली.

तनुजा पायरीवर उभी होती. "घाबरलात?"

"हो."

"मग सांगा की मला, मागे हो म्हणून. चहा पाजलात एवढे दिवस, तेवढा हक्क आहे तुमचा." आवाज कोरडा होता, अगदी पेठेतला.

रविराज स्टुलावरून उतरला. दोरी हाताला गुंडाळत राहिला.

"मी कायले सांगू मागं व्हा म्हणून? तुमच्या भिंतीले माही दोरी बांधेल होती ना… तोवर ती त्याच्या हातात होती. आता सोडली. टेबलं उद्या आत ठेवतो. दोन माणसं तर दोन माणसं. आता माह्यापायी तुमाले कोणी काही म्हणू शकत नाही. तुमाले जे बोलायचं ते बोला त्याले… जोरात बोला."

तिने वर उघड्या आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाऊस आला तर?"

"भिजू."

एवढंच. आयुष्यात बरीच भाषणं ऐकली मी. एवढं पुरेसं भाषण क्वचित ऐकलं.

घटस्थापनेला पहाटे मुहूर्त होता. दिग्विजय थाटात येणार होता — फोटोग्राफर, स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स, सगळं गाडीत. आणि वाघोलीहून निघालेली ती गाडी नगर रस्त्यावर जी अडकली ती अडकलीच. त्याचे फोनवर फोन: "थांबा! मी येतोय! मुहूर्त थोडा पुढे घ्या!"

"मुहूर्त काय बस आहे का, थांबायला?" तनुजा म्हणाली आणि पदर खोचला.

काळी माती गोदाबाईने चाळून ठेवली होती. परडीत माती, मातीत गहू, वर कलश, विड्याची पानं, नारळ. परडी जड होती, एकटीला उचलेना. उंबऱ्याच्या आत तनुजा, बाहेर गोदाबाई. तनुजाने फक्त आईकडे पाहिलं.

गोदाबाईने परडीची दुसरी बाजू धरली आणि उंबरा ओलांडला.

मी खाली उतरले होते. हो, उतरले! सगळ्यात पुढच्या वर्तुळात उभी होते, मुलाचा फोन घरी वाजत ठेवून. माझ्यामागे गल्लीतल्या बायका, जी ती आपापल्या वर्तुळात. दारं उघडली. आत नंदादीप, आणि त्याच्या उजेडात त्या दोघी.

दिग्विजय पोचला तेव्हा पहिली माळ चढून झाली होती. घामाघूम, सोवळं चुरगळलेलं. "हे काय? हा घट काढा, मी पुन्हा नीट बसवतो!"

गोदाबाई गाभाऱ्याच्या दारात आली. उभ्या जन्मात मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

"बसला घट. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो. आणि ज्याने बसवला त्यानेच राखायचा. गुरवाच्या घरचा ना तू? तुला मी सांगायला हवं?"

वैजनाथ भिंतीला धरत धरत देवळाच्या दाराशी येऊन उभे होते. ते खाकरले. "बरोबर बोलतेय ती. तनुजाचा घट आहे, दिग्विजय. तू दर्शन घे."

तो माझ्या बाजूने आत शिरायला लागला. "काकू, सरका. तुम्हाला तर परवानगीच नाही, पासष्टच्या वर…"

"माझं वय माझ्या नवऱ्याने कधी काढलं नाही," मी म्हटलं. "आणि रांग तिकडून सुरू होते. शेवटचं वर्तुळ मोकळं आहे."

शेवटचं वर्तुळ रविराजच्या दुकानासमोरच होतं. दिग्विजय तिथे जाऊन उभा राहिला तसा आतून अदबीने आवाज आला, "पोहे देऊ का, साहेब? वेळ लागन तुमाले."

घट बसवणाऱ्याने दसऱ्यापर्यंत देवळातच राहायचं, ही त्यांची रीत. तनुजा आत, रविराज बाहेर. मधून सगळी गल्ली दर्शनाला जायची. तर्रीवाल्याने माझ्याकडून भगर आणि दाण्याची आमटी शिकून घेतली. आमटीने घरभर उड्या मारल्या, पण शिकला. रोज दुपारी डबा पायरीवर.

"आमटीवर तर्री नाही ना घातली?" आतून प्रश्न.

"मन होत होतं. देवीले भ्यालो."

"फक्त देवीला?"

बाहेरून हळूच, "दोघींले."

दसऱ्याला घट उठला. परडीत वीतभर पिवळंहिरवं धान उगवलं होतं. तनुजा पायरीवर उभी राहून एकेकाला दोन-दोन काड्या देत होती. पुरुष टोपीत खोवत होते, नाहीतर कानामागे. वैजनाथ खुर्चीत बसून बघत होते. सगळ्यात शेवटी रविराज आला आणि पायरीखालच्या वर्तुळात नीट उभा राहिला. त्याने हात पुढे केला.

"हातात नाही," तनुजा म्हणाली. "कानावर खोवतात."

"कानावर मास्कची दोरी आहे."

"दिसतेय मला."

ती एक पायरी उतरली. मग दुसरी. वर्तुळाच्या रेघेवर पाय ठेवून तिने हात वर केला आणि त्याच्या कानावरची दोरी हळूच काढली. मास्क एका बाजूला लोंबला. गाल दिसला, हनुवटी, आणि घाबरलेलं हसू.

तनुजा खळखळून हसली. "मिशी नाहीच!"

"ठेवू का?" त्याने विचारलं. "तुमी म्हणसान तशी ठेवतो. मी तर… तुमी म्हणसान तिथं राहतो. पुण्यातच. या गल्लीतच. जन्मभर."

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की अख्खी गल्ली ऐकतेय. कानापर्यंत लाल झाला बिचारा. तिने धान त्याच्या कानामागे खोवलं, नीट, सावकाश.

"खिळा अजून भिंतीत आहे," ती म्हणाली. "सरळ ठोकलाय. उद्या ताडपत्री बांधा."

वैजनाथ खुर्चीतून खाकरले. "तनुजा… लोक बघतायत."

"बघू देत की, बाबा," तिने मान न वळवता सांगितलं. "इतके दिवस बंदच होतं सगळं."

आणि तिने दुसऱ्या कानावरची दोरीही काढली.